खात्री पटेपर्यंत थांबावे का?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून त्यातील काही तपशील गाळून ते थोडक्यात देत आहे.

"मी घरी प्राथमिक वर्गातील मुलांची शिकवणी घेते. गेल्या वर्षापासून आठ वर्षांचा एक मुलगा येतो आणि चार वर्षांच्या बहिणीला रोज सोबत आणतो. वडील वेगळे राहतात. आई दोन ठिकाणी काम करते आणि रात्री उशिरा येते. घरी मामा असतो. मुलाची दाढ किडली आहे, गाल सुजलेला असतो, दोन महिने झाले तरी कोणी दाखवलेले नाही. मागच्या आठवड्यात त्याच्या कानामागे आणि दंडाच्या आतल्या बाजूला निळे डाग दिसले. विचारले तर आधी 'जिन्यात पडलो' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी 'दार लागले' म्हणाला. शिकवणी सुटली तरी तो निघत नाही, पुसलेला फळा पुन्हा पुसत बसतो. मला काही बरे वाटत नाही. माझे यजमान म्हणतात, दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडू नये. माझा संशय खोटा निघाला तर एका कष्टाळू बाईचे घर मी मोडले असे होईल. खरा निघाला तर मुलांना उचलून कुठल्या संस्थेत नेतील का? नक्की कळेपर्यंत थांबावे का?"

ताई,

आपले पत्र मी एका बैठकीत तीनदा वाचले. त्यात आपण 'मारहाण' किंवा 'अत्याचार' हे शब्द एकदाही लिहिलेले नाहीत, पण जे पाहिले ते इतके नेमके टिपले आहे की कोणत्याही जाणत्या माणसाने ते गांभीर्याने घेतले असते. म्हणून कारणे नंतर सांगते आणि उत्तर आधी देते. थांबू नका. हे वाचून झाल्यावर १०९८ या क्रमांकावर फोन करा. संकटातील मुलांसाठीची ही मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि तिला पैसे पडत नाहीत. नाव उघड करायचे नसेल तर तसे सांगता येते.

आता ते डाग. खेळत्या मुलाच्या अंगावर खरचटलेले, काळेनिळे काहीतरी असतेच, पण ते कुठे आहे याला फार अर्थ असतो. धावताना मूल बहुधा पुढच्या बाजूला पडते, त्यामुळे नडगी, गुडघा, कोपर, कपाळ, हनुवटी अशा हाडाच्या टणक जागी लागते. कान आणि कानामागची जागा, मान, पोट, पाठ, कुल्ले, मांडीची मागची बाजू आणि दंडाची आतली बाजू या जागा पडताना सहसा जमिनीला टेकतच नाहीत. कान दुखावतो तो बहुतेक वेळा चापटीने किंवा पिरगाळल्याने, आणि दंडाच्या आत डाग उठतो तो हात घट्ट पकडून ओढल्याने. चार वर्षांखालील मुलांच्या धडावर, कानावर किंवा मानेवर डाग दिसला तर डॉक्टर विशेष सावध होतात, आणि जे बाळ अजून कुशीवरही वळत नाही त्याच्या अंगावरचा कोणताही निळा डाग तातडीने डॉक्टरांना दाखवायचा असतो. पट्ट्याचा किंवा दुमडलेल्या दोरीचा वळ, बोटांच्या समांतर रेघा, चाव्याची खूण, पाण्यात बुडवल्यासारखी सरळ कडेची भाजल्याची खूण यांचा आकारच बोलका असतो. एक सावधगिरी मात्र ठेवा. डागाच्या रंगावरून मार किती दिवसांचा आहे हे ठरवायला जाऊ नका. ते डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही.

एखाद्या डागावरून काहीच सिद्ध होत नाही, हे खरे आहे. पण आपल्यासमोर एकच डाग नाही. अवघड जागी दोन डाग आहेत, एका दिवसात बदललेली हकिगत आहे, न झालेला उपचार आहे आणि घरी जायला नको म्हणणारा मुलगा आहे. यातील कोणतीही एक गोष्ट सुटी घेतली तर तिचे साधे कारण देता येईल. चारही एकत्र आल्यावर साधे कारण शोधत राहणे म्हणजे कानाडोळा करणे होय.

आपण कचरता याचा आपल्याला संकोच वाटू नये. १९६२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ सी. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या बालकांविषयीचा आपला गाजलेला लेख प्रसिद्ध केला. त्यापूर्वीची कित्येक वर्षे क्ष-किरण चित्रांत तान्ह्या मुलांची जुनी-नवी मोडलेली हाडे डॉक्टरांना दिसत होती, तरी पालक सांगतील ते कारण बहुधा मान्य केले जात असे. आई-बाप किंवा घरातील माणूस असे करू शकतो हे मनाला पटवणे शिकलेल्या डॉक्टरांनाही जड गेले होते, त्याच जागी आज आपण उभ्या आहात.

आपल्या पत्रात दाढेचा उल्लेख ओघात आला आहे, पण मी त्याच्याशीच जास्त वेळ थांबले. मारहाण डोळ्यांना दिसते, हेळसांड दिसत नाही, कारण तिथे कोणी काही करत नसते. मुलाला ज्याची गरज आहे ते मिळत नाही, आणि हे रोज घडते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पुरेसे खाणे, ऋतूला साजेसे कपडे, स्वच्छता, आजारपणातील उपचार, शाळा, वयाला योग्य देखरेख आणि मायेने बोलणारे कोणीतरी, यांपैकी काही सातत्याने नाकारले जात असेल आणि त्याने मुलाची प्रकृती किंवा वाढ धोक्यात येत असेल तर ती हेळसांड ठरते. जागतिक आरोग्य संघटना बालकांवरील अत्याचारात शारीरिक, लैंगिक आणि मानसिक छळाच्या बरोबरीने हेळसांडीलाही धरते. दाढेचे दुखणे दोन महिने सहन करणारे मूल नीट झोपत नाही, नीट चावून खात नाही, वर्गात त्याचे लक्ष लागत नाही आणि वर 'आळशी' हे बिरुद त्याला चिकटते. सूज गालापर्यंत आली असेल तर जंतुसंसर्ग पसरल्याची शक्यता असते. त्यामुळे मामाविषयीची शंका उद्या निराधार ठरली तरी दंतवैद्याकडे जाण्याची गरज तशीच उरते.

मात्र गरिबी आणि हेळसांड यांची गल्लत होऊ देऊ नका. फाटके कपडे, अपुरी जागा किंवा कामामुळे उशिरा येणारी आई हा गुन्हा नाही. मी पाहिलेल्या घरांत पैशांची ओढाताण असूनही मुलाचा ताप कितीवर गेला हे आईला दशांशापर्यंत सांगता येत असे, आणि सुबत्ता असूनही महिनोन्महिने ज्यांच्याशी कोणी धड बोललेले नाही अशी मुलेही मी पाहिली आहेत. मी स्वतःला नेहमी एक साधा प्रश्न विचारते. मदत हाताशी दिली तर हे घर ती घेईल का? मोफत दवाखाना दाखवला आणि आई मुलाला घेऊन गेली, तर त्या घराला आधार हवा होता एवढेच समजावे. वारंवार सांगून, सोय करून देऊनही मूल कण्हतच राहिले, तर तिथे दुसरे काहीतरी आहे. या बाईला बहुधा कोणी काही विचारलेलेच नसावे. दोन ठिकाणी राबणाऱ्या एकट्या बाईच्या गैरहजेरीत घरात काय चालते ते तिला माहीत नसेल, किंवा माहीत असूनही आसरा सुटण्याच्या भीतीने ती गप्प असेल. तिला दोषी धरूनच फोन करायचा आहे असे मुळीच नाही.

आपल्या पहिल्या भीतीचे उत्तर इथेच येते. फोन करणे म्हणजे आरोप करणे नव्हे. आपण जे पाहिले ते आपण सांगता, आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी नेमलेली माणसे पुढे तो लावतात. शोध घेणे, पुरावा जमवणे, मामाची पार्श्वभूमी तपासणे ही आपली कामे नाहीत, आणि आपण ती करायला गेलात तर मुलांचे नुकसान होण्याचा संभव अधिक. शंका लैंगिक अत्याचाराची असेल तर कायदा याहून पुढे जातो. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याच्या, म्हणजे पोक्सोच्या, कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची धास्ती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला ते कळवणे बंधनकारक आहे. घडलेला गुन्हा माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कलमात सद्भावनेने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येणार नाही, असेही स्पष्ट म्हटले आहे. शिक्षा आहे ती जाणूनबुजून, त्रास देण्याच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला. आपण लैंगिक अत्याचाराची शंका लिहिलेली नाही आणि मीही ती आपल्या तोंडी घालत नाही. पण मुलाने किंवा त्या चिमुरडीने तसे काही सूचित केले, वयाला न शोभणारे लैंगिक वागणे दिसले, बसताना किंवा लघवी करताना वेदना जाणवल्या, किंवा एका विशिष्ट माणसाचे नाव निघताच मूल आक्रसून गेले, तर त्या क्षणी हा कायदा लागू होतो हे लक्षात असू द्या.

मारहाण आणि हेळसांडीसाठी २०१५ चा बाल न्याय अधिनियम आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याला मारणे, सोडून देणे किंवा त्याची जाणूनबुजून हेळसांड करणे हा कलम ७५ नुसार गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'आमचे मूल आहे, आम्ही बघू' हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ साली झाला आणि भारताने तो १९९२ साली स्वीकारला. घरातील माणसांकडून होणाऱ्या हिंसेपासूनही मुलाला वाचवणे ही राज्याची जबाबदारी आहे, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. आपल्या यजमानांना हे जरूर वाचून दाखवा. त्यांची काळजी आपल्यापोटी आहे हे मला समजते, पण या दोन मुलांचे घर ही आता फक्त त्यांच्या घरची बाब राहिलेली नाही.

दुसरी भीती मुलांना उचलून नेण्याची. फोननंतर सामान्यतः बाल संरक्षण यंत्रणेचे कार्यकर्ते चौकशी करतात, आणि गरज वाटली तर प्रकरण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे जाते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली ही समिती घरची परिस्थिती जाणून घेण्यासाठी सामाजिक तपासणी अहवाल मागवते. संस्थेत ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय समजावा, असे तत्त्व बाल न्याय अधिनियमातच लिहिलेले आहे. मुलाने आपल्या कुटुंबात राहावे हीच कायद्याची पहिली पसंती आहे. इथे आईला समुपदेशन, उपचारांची सोय, एकट्या पालकांसाठीचे प्रायोजकत्व, मामाला घराबाहेर ठेवण्याबाबतची मदत असे बरेच काही होऊ शकते. यंत्रणा सगळीकडे तत्पर आणि संवेदनशील आहे असे मी म्हणणार नाही. मनुष्यबळ अपुरे असते, दिरंगाई होते. म्हणून फोन केल्याची तारीख, वेळ आणि मिळालेला नोंद क्रमांक लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत हालचाल दिसली नाही तर पुन्हा फोन करा आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा थेट बाल कल्याण समितीकडे लेखी कळवा. समोर मारहाण चालू असेल, मूल बेशुद्ध असेल किंवा त्याच्या जिवाला धोका असेल तर ११२ लावा.

जी भीती आपण लिहिलेली नाही ती मला सर्वांत खरी वाटते. चौकशी झाल्याचे कळल्यावर राग मुलांवरच निघेल, ही ती भीती. म्हणून फोनवर हे आवर्जून सांगा की मुले अमुक वेळी शिकवणीला असतात, त्यांच्याशी तिथे किंवा शाळेत बोलता येईल आणि मामासमोर त्यांना काही विचारू नये. तोपर्यंत मामाला किंवा आईलाही जाब विचारायला जाऊ नका. 'बघा हो, मुलाच्या अंगावर डाग दिसले' हे वाक्य भल्या हेतूने बोलले तरी त्या रात्री घरात काय होईल ते आपल्या हाती राहत नाही. दाढेविषयी मात्र आईशी जरूर बोला. तो विषय सुरक्षित आहे, आणि बाई मदतीचा हात धरते की झटकते हेही त्यातून कळेल.

मुलाशी कसे बोलावे हे आपण विचारलेले नाही, तरी लिहिते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शाळेत समुपदेशक होते. नववीतील एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या खोलीबाहेर घुटमळत असे. मला शंका आली, पण तिने स्पष्ट सांगेपर्यंत कोणाला कळवू नये असे मी ठरवले, आणि तिने सांगावे म्हणून दर दोन दिवसांनी बोलावून तिला नवनवे प्रश्न विचारत राहिले. ती अधिकाधिक मिटत गेली. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि जूनमध्ये ती शाळेत आलीच नाही, दाखला काढून नेला होता. तिचे पुढे काय झाले हे मला आजही माहीत नाही. आपण 'नक्की कळेपर्यंत' असे लिहिले, तेव्हा मला माझी ती खोली आठवली.

तेव्हा मुलाची उलटतपासणी करू नका. 'मामाने मारले ना?' असा उत्तर सुचवणारा प्रश्न टाळा. त्यावर मूल भीतीने 'नाही' म्हणेल किंवा आपल्याला बरे वाटावे म्हणून 'हो' म्हणेल, आणि दोन्ही उत्तरे पुढे अडचणीची ठरतील. 'कानाला लागलेले दिसते, काय झाले ते सांगशील?' एवढे एकदा विचारावे आणि गप्प बसावे. शेजारी बसून हाताला काम असताना, म्हणजे वह्यांना कव्हर घालताना किंवा फळा पुसताना, मुले समोरासमोर बसल्यापेक्षा मोकळी होतात. तो बोलू लागलाच तर चेहरा शांत ठेवा. आपण हादरलेले दिसलो तर मुले हकिगत अर्ध्यावर सोडतात. कोणाला सांगणार नाही असे वचन मात्र देऊ नका, कारण ते आपल्याला मोडावे लागेल, आणि या मुलाने मोठ्यांची मोडलेली वचने आधीच पुरेशी पाहिली असतील. तो गेल्यावर त्याचे शब्द जसेच्या तसे, आपल्या भाषेत न सुधारता, तारीख आणि वेळेसह वहीत लिहा. डाग कुठे होता हे शब्दांत लिहिले तरी पुरते. कपडे वर करून पाहणे किंवा मोबाइलवर छायाचित्र काढणे कटाक्षाने टाळा. आणि ही गोष्ट मैत्रिणींच्या किंवा पालकांच्या गटावर जाऊ देऊ नका. अशा मुलाची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी त्या मुलाला उद्या याच वस्तीत वावरायचे आहे.

आपल्या शिकवणीपुरते आणखी दोन शब्द. शिकवणीच्या वेळी दार उघडे असावे, कोणत्याही मोठ्या माणसाने एखाद्या मुलाला बंद खोलीत एकटे घेऊन बसू नये, आणि हा नियम आपल्यासह घरातील सर्वांना लागू असावा. मुलांना शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे माहीत असावीत. नकोसा स्पर्श कोणाचाही असला, अगदी घरच्या माणसाचा असला, तरी 'नको' म्हणता येते आणि ते सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही, हे त्यांना एकदा नव्हे तर अधूनमधून ऐकायला मिळावे. पण स्वतःला वाचवण्याची जबाबदारी मुलांवर टाकून आपण मोकळे होऊ नये. आठ वर्षांचा मुलगा मोठ्या माणसाला अडवू शकत नाही. तो फार तर घरी जायला उशीर करू शकतो, आणि तेवढे तो रोज करतो आहे.

फोन झाल्यावरही शिकवणी आहे तशीच चालू ठेवा. छळ सोसलेली मुले पुढे सावरतात त्यामागे बहुधा एखादा भरवशाचा मोठा माणूस असतो, जो नियमाने भेटतो, ज्याचा आवाज अचानक चढत नाही आणि जो काही विशेष न करता फक्त असतो. त्या मुलाने ती जागा आधीच शोधून काढली आहे. त्याला फळा पुसू द्या. बहिणीला खडू आणि पाटी द्या. आणखी अर्धा तास थांबू द्या, मात्र त्याच्या आईला तसे मोकळेपणाने कळवून, म्हणजे उशिराचा ठपका त्याच्यावर येणार नाही.

चौकशी सुरू झाल्यावर तो एखाद्या दिवशी आपल्याला विचारेल, "टीचर, तुम्ही सांगितलंत का?" त्या वेळी खोटे बोलू नका. त्याच्या उंचीला बसा आणि म्हणा, "हो, मी सांगितलं. तुझी दाढ दुखत होती आणि तुला लागलं होतं, म्हणून सांगितलं. तू काही चुकीचं केलेलं नाहीस." तो रागावेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. तरी पाचव्या दिवशी त्याच्यासाठी डस्टर जागेवर असू द्या.